उशिराचं कारण

दर्यापूरच्या स्टँडवर वीस वर्षं मी गाड्या लिहितो.
आली किती वाजता, गेली किती वाजता,
आणि शेवटच्या रकान्यात उशिराचं कारण :
टायर. फाटक. वरात.
एकदा वलगावजवळ संत्र्यांचा ट्रक उलटला,
ड्रायव्हरसकट सगळी गाडी खाली उतरून पिशव्या भरत होती.
तेही लिहिलं.

आचल झाली चार जानेवारीला, रात्री बारा चाळीसला.
शाळेत नाव घालताना मास्तर म्हणाले,
भाऊ, पाच दिवस मागं टाकू का? पोरीच्या कामी येईल.
सगळेच टाकतात. अर्ध्या गावाचा वाढदिवस एक जूनला.
मी म्हटलं, नाही. जे वाजले तेच लिहा.

बारावी झाली. गुण चांगले.
निकेशच्या दुकानात अर्ज भरायला बसलो
तर पडदा लाल.
सतरा पूर्ण पाहिजे, एकतीस डिसेंबरपर्यंत.
निकेशनं पुन्हा बटण दाबलं. पुन्हा लाल.
चार दिवस कमी.
आचल माझ्याकडे पाहत नव्हती,
झेरॉक्सच्या मशीनमधून एकेक कागद निघत होता, तिकडे पाहत होती.
चार दिवसांपायी एक वर्ष लेट,
असं माझ्या कोणत्याच वेळापत्रकात नव्हतं.

तिच्या आईनं त्या रात्री वाढलं, बोलली नाही.
दुसऱ्या रात्री बोलली,
"ते घड्याळ विहिरीत टाका तुमचं."

मग ते वर्ष.
दर रविवारी स्टँडच्या पार्सल खोलीत, दोन ते पाच.
एकशेऐंशी प्रश्न, एकशेऐंशी मिनिटं,
बाहेर हॉर्न, आत ती आणि गोल काळे करायचा पेन.
परीक्षेत घड्याळ चालत नाही म्हणून खोलीतही नको म्हणाली.
"तुमच्या आवाजावर चालतो मी.
अकोट सुटली की बायोलॉजी संपली पाहिजे.
मूर्तिजापूर लागली की केमिस्ट्री.
अंजनगाव येईस्तोवर फिजिक्सचे दहाच राहिले पाहिजे."
त्या दिवसांत मी एकही गाडी खोटी पुकारली नाही.

या वर्षी अर्ज दुसऱ्याच दिवशी भरला.
दहा बोटांचे ठसे, पांढऱ्या पडद्यापुढे फोटो, कान दिसले पाहिजेत.
पडदा हिरवा झाला
तेव्हा निकेशनं पैसे घेतले नाहीत. मी ठेवून आलो.

मे महिना, अमरावती, पंचेचाळीस अंश.
पहिल्या गाडीनं गेलो, गेटवर साडेनऊलाच.
दीडला गेट बंद होते.
एक एकतीसला एक पोट्टं धावत आलं,
एका हातात कार्ड, एका हातात चप्पल.
माझा हात आपोआप शिट्टीकडे गेला.
खिशात शिट्टी नव्हती, रविवार होता.
किती गाड्या मी दोन-दोन मिनिटं धरून ठेवल्या आहेत,
काठीवाल्या म्हाताऱ्यांसाठी, डबा विसरलेल्या मास्तरणीसाठी.
गेटवरचा माणूस वाईट नव्हता.
त्यानं फक्त घड्याळ दाखवलं.
बरोबर होतं. मी माझ्याशी लावून पाहिलं.

पोट्टं कडुनिंबाखाली माझ्याजवळ येऊन बसलं.
पाणी दिलं. पोळी नको म्हणाला, मग घेतली.
बऱ्याच वेळानं म्हणाला, "टायर."
मी मान हलवली.
कारण रकान्यात बसत होतं.
इथं रकानाच नव्हता.

पाच वीसला ती बाहेर आली.
कसा गेला, हे विचारायचं नाही असं ठरलं होतं.
उसाच्या रसाचा अर्धा ग्लास संपल्यावर तीच म्हणाली,
"वर्गातलं घड्याळ बंद होतं, बाबा.
मी आपली मनातल्या मनात गाड्या पुकारत होती."
"सगळ्या?"
"अकोट. मूर्तिजापूर. अंजनगाव."
"अंजनगाव वेळेवर?"
तिनं ग्लास खाली ठेवला.
"सात मिनिटं लेट."

कारण मी विचारलं नाही.
परतीची गाडी लागली होती.